विणणाऱ्या बाईला शंभर ग्रॅम कोसा मिळू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला करवती साडीवरचा लेख मी दोनदा वाचला आणि मग सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. मोहाडी तालुक्यातले आंधळगाव, तिथले माग, कोशाचे, म्हणजे आमच्या रानातल्या टसर रेशमाचे, अंग आणि सुती काठ तीन धोट्यांनी एकमेकांत गुंतवत नेण्याची रीत, काठावरचे करवतीचे दाते, सगळे व्यवस्थित आले आहे. आपल्या कोष्टी मंडळींच्या हातकामाला पानभर जागा मिळाली याचा फार आनंद झाला. पण लेखाचा एकूण सूर असा, की कोसा म्हणजे साडी, धोतर आणि उपरणे. बाकी त्याचे काही होत नाही. मी लिहायला बसले ती त्यासाठी. बाकी होते, आणि ते आत्ता माझ्यासमोर टेबलावर ठेवलेले आहे.

याच महिन्यात मी कोशाच्या धाग्याचा जाळीदार स्कार्फ विणून पुरा केला. क्रोशाचा नव्हे, दोन सुयांवरचा. (ही दोन कामे सर्रास एकच समजली जातात. क्रोशाला आकड्याची एकच सुई आणि बहुतेक वेळा एकच टाका मोकळा असतो. सुयांच्या विणकामात ओळीतले सगळेच्या सगळे टाके सुईवर उघडे असतात आणि सुई निसटली की सगळेच निसटतात.) रुंदी ४३ सेंटिमीटर, लांबी १ मीटर ७० सेंटिमीटर, वजन ६८ ग्रॅम. टाके ७८, आणि ओळी, म्हणजे आम्ही विणणाऱ्या बायका ज्यांना 'सुया' म्हणतो त्या, ४०८. एकूण ३१,८२४ टाके झाले. आकडे मुद्दाम देते आहे, पुढे मागणी करायची आहे तिथे ते लागतील.

मी शाळेत कार्यानुभव शिकवत असे. निवृत्त होऊन चार वर्षे झाली. माझ्या लहानपणी दर घरी एक तरी विणणारी बाई होती. कुणाकडे बाळ होणार म्हटले की टोपडे, मोजे, झबले सुयांवर चढलेच. पुढे तयार स्वेटर स्वस्त झाले आणि सुया ट्रंकेत गेल्या. पण नुसत्या स्वस्ताईने हे झाले असे मला वाटत नाही. आमच्या भंडाऱ्यात खरी थंडी डिसेंबर-जानेवारीची. मे महिन्यात तर लोकरीकडे बघवतही नाही. शिवाय बाजारात 'लोकर' म्हणून मिळते ती बहुतेक अॅक्रिलिकची, मेंढीचा तिच्याशी काही संबंध नाही. अंगाला घाम फुटतो आणि तो तिच्यात जिरत नाही. दोन महिने वापरायच्या वस्तूसाठी बारा महिने कोण विणत बसणार? हातात कला आहे आणि हवामानाला साजेल असा धागा नाही, अशी ही अडचण आहे. रेशीम घाम शोषते. जाळीची वीण असेल तर वारा खेळतो. आणि रेशीम तर आमच्या दारात पिकते. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर अळ्या सोडून, पाखरा-मुंग्यांपासून त्यांची राखण करत ढिवर समाजातली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या कोसा पिकवत आली आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, आरमोरीचे जंगल, हा सगळा आमचा कोशाचा मुलूख आहे.

म्हणून ठरवले, की विणायचे तर कोशाचेच.

धागा आणायला निघाले आणि तिथेच अडले. एका विक्रीकेंद्रात गेले. किलोच्या खाली देत नाही म्हणाले. दुसरीकडे पाच किलोंची अट. तिसऱ्या ठिकाणी, ते सरकारी कार्यालय होते, टेबलामागच्या गृहस्थांनी कशासाठी हवा ते विचारले. स्कार्फ विणायला म्हटल्यावर म्हणाले, "विणायला लोकर घ्या ना बाई." त्यांचा स्वर वाईट नव्हता. सुयांवर रेशीम विणतात हे त्यांच्या कानावरच नव्हते. मग दुसऱ्या राज्यातल्या एका व्यापाऱ्याकडून टपालाने तुतीच्या रेशमाची रंगीत लडी मागवली. ती सुटी, विस्कटलेली आली. खुर्चीच्या पाठीवर अडकवून गुंता सोडवायला मला अकरा दुपारी लागल्या. हातभर विणून सवयीने पाण्यात बुडवून पाहिले तर बादलीभर लाल पाणी. तो तुकडा मी अजून ठेवला आहे, पांढऱ्या रुमालावर त्याचा डाग उमटलेला आहे तसाच.

शेवटी शेजारच्या गल्लीतल्या विणकर भाऊंनी त्यांच्या ताण्यातून उरलेला १२० ग्रॅम कोसा दिला. पैसे घेईनात. मी बळेच दिले.

मागाचा धागा सुयांवर तसाच चालत नाही, हे मला तेव्हा कळले. मागावर धागा ताणलेला, सरळ राहतो. सुयांवर तोच धागा टाक्याटाक्याला वळतो. एकेरी पिळाचा धागा विणला तर वीण एका अंगाला कलते. माझा पहिला नमुना चौकोनी व्हायचा तो पतंगासारखा तिरपा झाला, ताणला तरी सरळ होईना. शिवाय धाग्यावर रेशमाचा मूळचा डिंक असतो. तुतीच्या रेशमाचा डिंक साबणाच्या उकळत्या पाण्यात सुटतो, कोशाचा जास्त चिवट. मी धुण्याचा सोडा आणि साबण घालून मंद आचेवर लडी शिजवली. उकळी फुटू दिली नाही, काठीने हळूहळू फिरवत राहिले, मग तीन पाणी बदलली. वाळल्यावर तागडीत १०४ ग्रॅम भरले आणि हाताला जो मऊपणा लागला तो काही वेगळाच होता. त्यानंतर तकली काढली. आमच्या वेळी शाळेत सूतकताईचा तास असे, ते शिकलेले कामाला आले. तीन धागे एकत्र धरून, मूळच्या पिळाच्या उलट दिशेने सैलसा पीळ देत तिपेडी केला. एवढ्याला बावीस दिवस लागले. पुढचा नमुना सरळ उभा राहिला.

मग सुया. माझ्याकडच्या जुन्या सुया अॅल्युमिनियमच्या. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात म्हणून लोकर सुईला धरून राहते. रेशीम नितळ, ते धातूवरून पाण्यासारखे घसरते. आमच्याकडे बांबूला तोटा नाही. ओळखीच्या बुरूडदादांना आठ नंबरची, म्हणजे चार मिलिमीटर जाडीची, जुनी सुई नमुन्याला दिली. त्यांनी पक्क्या बांबूच्या दोन सुया तासल्या. मी त्या बारीक पॉलिश कागदाने घासून, तिळाचे तेल लावून, आठवडाभर फडक्यात गुंडाळून ठेवल्या. टाका त्यांच्यावर बसतो, पळत नाही.

वीण मी सोपी घेतली. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड नावाची बेटे आहेत, तिथल्या बायकांची ही वीण. त्या मेंढीच्या लोकरीच्या इतक्या तलम जाळीच्या शाली विणत आल्या आहेत, की अख्खी शाल लग्नाच्या अंगठीतून ओढून काढता येते. वीण चार सुयांची आहे. पहिली सुई सुलट. दुसरी उलट. तिसऱ्या सुईत अठरा टाक्यांचे एक घर: दोन-दोन टाके एकत्र असे तीन वेळा, मग धागा पुढे घेऊन (त्याने एक छिद्र आणि एक नवा टाका होतो) एक सुलट असे सहा वेळा, पुन्हा दोन-दोन एकत्र तीन वेळा. चौथी सुई मागच्या बाजूने असली तरी सुलटच, म्हणजे पुढून एक बारीक उंच रेघ दिसते. टाके जिथे एकत्र होतात तिथे वीण खाली ओढली जाते, जिथे धागा पुढे घेतो तिथे वर फुलते, आणि सगळ्या रुंदीभर लाट उठते. अशी चार घरे आणि दोन्ही कडांना तीन-तीन टाके. मी हिला लाटेची वीण म्हणते, चार सुयांची एक लाट. जिला नवी जाळी शिकायची आहे तिने हीच घ्यावी. चारातली एकच सुई लक्ष देऊन विणायची असते आणि दर घरात गेले तेवढे टाके परत येतात, त्यामुळे मोजायला सोपे.

रेशमात विणताना एक काळजी फार महत्त्वाची, ती सविस्तर सांगते. लोकरीत टाका सुटला तर तो जागेवर बसून तुमची वाट पाहतो. रेशमात टाका सुटला की खाली धावत सुटतो, आणि जाळी असेल तर उलगडलेला धागा कुठल्या छिद्राचा हे नंतर ओळखता येत नाही. म्हणून दर काही ओळींनी, सगळे टाके सुईवर असताना, शिवणाच्या सुईत पांढरा सुती दोरा ओवून तो सगळ्या टाक्यांतून पार करून सोडायचा. पुढे काही बिनसले तर त्या दोऱ्यापर्यंतच उसवते, त्याखाली एक टाका हलत नाही. माझी तेविसावी लाट चालू होती. दारावर सिलिंडरवाला आला, मी घाईने उठले, पदर अडकून उजवी सुई निघाली. मी वळून बघेपर्यंत एकोणीस टाके सुटून चार-पाच ओळी खाली पोहोचले होते. दोरा बारा ओळींमागे होता. तिथपर्यंत उसवले, दोऱ्यावरचे ७८ टाके एकेक करून पुन्हा सुईवर घेतले, मोजले, पुन्हा मोजले. तो दोरा नसता तर तीन आठवड्यांचे काम गेले असते. त्या दिवसापासून मी दर दोन लाटांनी दोरा घालते.

हातांचेही तसेच. भांडी घासून, भाजी चिरून बोटांना ज्या भेगा पडतात त्यांत रेशमाचा तंतू अडकतो आणि धाग्यावर केस उभे राहतात. विणायला बसण्याआधी खोबरेल तेल आणि चमचाभर साखर तळहातावर चोळायची, साखर विरघळली की कोमट पाण्याने हात धुऊन पुसायचे. दुपारच्या आमच्या बैठकीत आठ जणी येतात, त्या सगळ्यांना मी आधी हेच करायला लावते.

आता सासूबाईंविषयी. त्यांचे वय ८७. माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे त्यांनी तरुणपणी कोशाचा धागा काढला आहे. राखेच्या पाण्यात शिजवलेले कोष मडक्यात, चार-पाच कोषांचे तंतू डाव्या हाताने ओढायचे आणि उघड्या मांडीवर उजव्या तळहाताने वळायचे. दिवसभर. त्यांच्या मांडीवर अजून वीतभर जागा अशी आहे, की तिथली कातडी ताणलेली, गुळगुळीत आणि रंगाने वेगळी आहे. मी त्यांना अंघोळ घालते तेव्हा तिथे साबण जपून लावते. मांडीवर धागा वळण्याची ही रीत आता बंद व्हावी म्हणून केंद्रीय रेशीम मंडळाने 'बुनियाद' नावाचे यंत्र आणले, ही मोठी चांगली गोष्ट झाली. या बायकांच्या कातडीचा हिशेब आजवर कुठल्याही साडीच्या किमतीत लागला नाही.

मी पहिला जाळीचा नमुना त्यांना दाखवला तेव्हा त्यांना तो आवडला नाही. "अवं, चांगल्या धाग्याले भोकं कायले पाडतेस?" म्हणाल्या. मला उत्तर सुचले नाही. ज्या बाईने आयुष्यभर धागा तुटू नये म्हणून जीव टाकला तिला छिद्रे म्हणजे नुकसानच वाटणार.

स्कार्फ सुईवरून उतरला तेव्हाही दिसायला काही विशेष नव्हता. जाळी सुईवर असेपर्यंत चुरगळल्यासारखीच दिसते. टाके बंद करताना मी मुद्दाम सहा नंबरची जाड सुई वापरली (या सुयांत नंबर कमी तशी जाडी जास्त), नाहीतर कड आवळते आणि रेशमात ती पुढे सैल होत नाही. मग रिठ्याच्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजत ठेवला. पिळला नाही, कारण ओले रेशीम सुक्यापेक्षा कमजोर असते. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबला. गादीवर जुनी सुती चादर अंथरली, आणि न गंजणाऱ्या टाचण्या घेऊन लाटेचे एकेक टोक ओढून टाचत गेले. आधी दोन्ही टोके, मग कडा, समोरासमोर, टेप लावून. रात्री साडेदहाला बसले ते बारा वाजेपर्यंत. ओढता ओढता चुरगळलेल्या वस्तूतून एकेक छिद्र उघडत जाते, आणि ज्या तिसऱ्या सुया पावणेदोन महिने मोजत बसलो त्या सगळ्या एकदम समोर येतात. मला त्या रात्री झोप लागली नाही.

सकाळी टाचण्या काढल्या आणि खिडकीशी धरला. कोशाला स्वतःचाच रंग असतो, सुक्या मधासारखा, आणि त्याचा तंतू गोल नसून चपटा असतो म्हणून तो तुतीच्या रेशमासारखा लखलख करत नाही, आतून उजळल्यासारखा दिसतो. मी एक तसूभरही रंगवलेला नाही. सासूबाईंनी तो मांडीवर घेतला, त्याच जागेवर. कड अंगठा आणि बोटात धरून विरजण पाहावे तशी चाचपत गेल्या. एका ठिकाणी थांबल्या. तिथे धागा किंचित जाड होता. "हतं कोष बदलला," म्हणाल्या. म्हणजे, धागा काढणारीने इथे एक कोष संपल्यावर दुसरा जोडला. मी ते ४०८ ओळी विणताना पाहिले नव्हते.

मग म्हणाल्या, "मले बी येक इनून दे."

संपादक महोदय, माझी मागणी एवढीच आहे. कोष विकण्याची सोय आता होऊ लागली आहे. मराठवाड्यातल्या तुतीवाल्या शेतकऱ्यांना पूर्वी कोष घेऊन कर्नाटकात रामनगरला जावे लागे, २०१८ मध्ये जालन्याला बाजारपेठ झाली आणि ती पायपीट कमी झाली. तशीच सोय धागा घेणाऱ्या साध्या बाईसाठी व्हावी. रेशीम विभागाने, विणकर संस्थांनी, धागा काढणाऱ्या बचत गटांनी, ज्यांना जमेल त्यांनी डिंक काढलेला, सैल पिळाचा, तिपेडी कोसा पन्नास आणि शंभर ग्रॅमच्या लडीत विकायला ठेवावा. लडी चार ठिकाणी सुती दोऱ्याने बांधलेली असावी, म्हणजे गुंता होणार नाही. वर चिठ्ठी असावी: वजन किती, मीटर किती, रंगवला असेल तर रंग पक्का की नाही. बाकी काही नको. ज्या बाईला एका स्कार्फला ६८ ग्रॅम लागतात तिला किलोभर धागा घ्यायला लावणे म्हणजे तिला घरी परत पाठवणेच झाले.

यात धागा काढणाऱ्या बायकांचाही फायदा आहे. मागाला समान, बारीक धागा लागतो; घिचा, म्हणजे फुटक्या आणि टाकाऊ कोषांचा जाडाभरडा धागा, त्याला कमी मोल येते. सुयांवर तो सुंदर दिसतो. माझ्या बैठकीतल्या एकीने विणकर भाऊंकडच्या घिच्याच्या उरलेल्या गुंड्यातून गळपट्टी केली, तिच्या नागपूरच्या नणंदेने ती उतरवूच दिली नाही.

आणि विकायला ठेवल्यावर किंमत नीट लावावी. गेल्या दिवाळीआधी एका प्रदर्शनात मी माझा स्कार्फ नमुना म्हणून नेला होता. तेव्हा तो निम्माच झाला होता, सुईसकट नेला. आयोजकांनी तो 'हौसेच्या वस्तू' लिहिलेल्या टेबलावर, कागदी फुलांशेजारी ठेवला आणि पुरा झाला की साडेचारशेला विकू म्हणाल्या. मी तो उचलून पिशवीत घातला आणि घरी आले. ज्या कामाला तकलीवरचे बावीस दिवस आणि सुयांवरचे पावणेदोन महिने लागतात, ते काम आहे. साडी विणणाऱ्याला आपण विणकर म्हणतो. सुयांवर विणणारीलाही तोच मान मिळावा.

१०४ ग्रॅमांपैकी ६८ स्कार्फला गेले, पाच नमुन्यांना. उरलेल्या ३१ ग्रॅमांवर सासूबाईंचा सुरू केला आहे. त्यांना अरुंद नको, माझ्याएवढाच हवा, म्हणून ७८ टाकेच घातले आहेत. हिशेबाने साधारण एकशे ऐंशीव्या सुईपर्यंत धागा पुरेल. विणकर भाऊंचा पुढचा ताणा कधी उतरेल ते त्यांनाही सांगता येत नाही. आज सकाळी मी छत्तिसावी सुई संपवून पांढरा दोरा ओवून ठेवला आहे.

आपली वाचक,
एक निवृत्त कार्यानुभव शिक्षिका, भंडारा